जुडग्यातला टिन-ओपनर: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात पावसाळ्याच्या बेगमीविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी ओघात लिहिले होते की, माझ्या घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात सैनिकी बनावटीचा, घडी होणारा, जेमतेम दीड इंचाचा टिन-ओपनर गेली वीस-बावीस वर्षे आहे आणि हवाबंद डबा उघडण्यासाठी दुसरे कोणतेही साधन मी घरात ठेवलेले नाही. त्या एका वाक्यावर फोंड्यापासून पेडण्यापर्यंतच्या वाचकांनी विचारणा केली आहे. काहींकडे ही वस्तू आहे पण ती चालवता येत नाही, काहींनी ती हौसेने घेतली आणि आठवड्याभरात खणात टाकून दिली, तर काहींना ती नेमकी काय आहे याचाच उलगडा झालेला नाही. म्हणून या वेळचे सदर त्याच प्रश्नांना दिले आहे.

प्रश्न (एक वाचिका, फोंडा): माझा मुलगा बोटीवर कामाला आहे. गेल्या खेपेला घरी आला तेव्हा त्याने किल्ल्यांना अडकवण्यासाठी पत्र्याचा एक लहानसा तुकडा दिला आणि हा अमेरिकन लष्करातला टिन-ओपनर असून त्याला ‘पी-३८’ म्हणतात, असे सांगितले. एवढ्याशा तुकड्याने डबा उघडतो यावर माझा विश्वास बसत नाही. हे खरोखर लष्करात वापरत होते का? आणि असे नाव कशावरून पडले?

उत्तर: तुमच्या मुलाने सांगितले ते खरे आहे. हा ओपनर १९४२ च्या उन्हाळ्यात, दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, शिकागो येथील अमेरिकन लष्कराच्या अन्नविषयक प्रयोगशाळेत अवघ्या ३० दिवसांत तयार करण्यात आला. आघाडीवरच्या सैनिकाला मिळणारे जेवण तेव्हा पत्र्याच्या डब्यांत बंद असे. त्याला ‘सी-रेशन’ म्हणत. प्रत्येक सैनिकाकडे डबा उघडण्याचे असे साधन हवे होते की जे वजनाला नगण्य असेल, मोडले किंवा हरवले तरी फारसे बिघडणार नाही, आणि जे चिखलात, अंधारात, थंडीने बोटे बधिर झालेली असतानाही चालेल. त्या गरजेतून ही वस्तू जन्माला आली. शिधा-सामानासोबत ती तपकिरी कागदाच्या चिमुकल्या पुडीत येई आणि वापरायचे कसे, हे त्या पुडीवरच छापलेले असे. बहुतेक सैनिक ती गळ्यातल्या ओळखपट्टीच्या साखळीत अडकवून ठेवत, त्यासाठीच तिच्या टोकाला भोक आहे. म्हणजे आपण ती किल्ल्यांना लावतो त्यात नवे काही नाही, साखळी तेवढी बदलली.

नावाविषयी दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली अशी की सी-रेशनचा डबा पूर्ण उघडण्यासाठी ३८ वेळा टोचावे लागे. दुसरी अशी की ओपनरची लांबी ३८ मिलिमीटर आहे. याच घराण्यातला मोठा भाऊ ‘पी-५१’ या नावाने ओळखला जातो आणि त्याची लांबी ५१ मिलिमीटरच्या आसपास भरते, त्यामुळे दुसरी गोष्ट अधिक पटते. पण त्या काळात अमेरिकेत मापे इंचांत चालत, ही त्या स्पष्टीकरणातली अडचण आहे. पहिली गोष्टही अगदीच हवेतली म्हणता येत नाही. ३ इंच व्यासाच्या डब्याचा घेर सुमारे २४० मिलिमीटर होतो, आणि ३८ टोच्यांत तो संपवायचा तर प्रत्येक टोचा ६ मिलिमीटरांहून थोडा मोठा पडतो. हा ओपनर एका दमात साधारण तेवढेच कापतो. सरकारी दप्तरात मात्र त्याचे नाव ‘घडीचा, हाताने चालवायचा डबा-ओपनर’ अशा अर्थाचे, अगदी रुक्ष आहे. अमेरिकेच्या मरीन दलातले सैनिक त्याला चित्रपट-अभिनेत्याच्या नावावरून ‘जॉन वेन’ म्हणत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या सैन्यांत याच जातीचा ‘फ्रेड’ नावाचा ओपनर असतो, आणि त्याला एका टोकाला चमचा व शिवाय बाटली उघडण्याची सोयही असते.

आता तुमच्या अविश्वासाविषयी. हवाबंद डब्याचे पेटंट इंग्लंडमध्ये १८१० साली पीटर ड्युरंड याने घेतले, पण तो उघडण्यासाठी खास हत्यार निघायला १८५५ उजाडले. अमेरिकेतले पहिले पेटंट एझ्रा वॉर्नर याचे, ते १८५८ चे. मधली सुमारे ४५ वर्षे लोक छिन्नी-हातोड्याने डबे फोडत होते. तेव्हाचा पत्रा जाड, त्यामुळे हत्यारही दांडगे लागे. पुढे पत्रा पातळ झाला आणि डब्याला वरच्या बाजूने दुमडून घट्ट केलेला काठ आला. तुमच्या हातातल्या तुकड्याची सगळी करामत त्या दुमडलेल्या काठावर उभी आहे. तो काठ असल्यामुळेच दीड इंचाचे लोखंड पुरते.

प्रश्न (एक वाचक, म्हापसा): हापूसच्या रसाचा मोठा डबा उघडण्यासाठी मी हा ओपनर वापरून पाहिला. दोन-तीनदा निसटला, काठ करवतीसारखा झाला आणि शेवटी बोटाला कापले. माझे काय चुकले? की वस्तूच कुचकामी आहे?

उत्तर: वस्तू कुचकामी असण्याची शक्यताही आहे, त्याकडे पुढे वळतो. पण ज्या क्रमाने तुम्ही तक्रार लिहिली आहे, त्यावरून तुम्ही ओपनर सुरीसारखा चालवला असावा, असे वाटते. पुष्कळ जण तसेच करतात, कारण दात धारदार दिसतो आणि धार दिसली की हात आपोआप पुढे रेटला जातो. हा ओपनर पुढे रेटायचा नसतो. मोठा दगड उचलताना आपण खाली पहार सारतो आणि तिचे दुसरे टोक दाबतो, त्याच जातीचे हे काम आहे.

ओपनर हातात घेऊन नीट पाहा. लांबट, चपटा भाग म्हणजे दांडा. त्याला रिव्हेटने जोडलेला, बाहेर उघडणारा, किंचित बाक असलेला छोटा भाग म्हणजे दात. दाताच्या शेजारी दांड्याच्या कडेला एक गोलसर खाच आहे. दात पूर्ण उघडा, म्हणजे तो दांड्याशी काटकोनात उभा राहील. दांडा उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरा. दाताचे टोक खाली आणि तुमच्यापासून दूर असावे. डबा डाव्या हाताने धरून टेबलावर टेकवा, आणि डब्याचा दुमडलेला काठ त्या खाचेत बसवा. खाचेचा ओठ काठाच्या बाहेरून खालच्या बाजूला अडकला पाहिजे आणि दात काठाच्या आत, झाकणाच्या पत्र्यावर टेकला पाहिजे. बहुतेकांचे इथेच चुकते. खाच काठाखाली न अडकवता ओपनर नुसता वर टेकवून दाबला, तर तो निसटणारच.

आता मनगट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हलकेच वळवा. खाच काठाला खालून धरून ठेवते, दांडा वळतो आणि दात झाकणात उतरतो. ‘टच्’ असा बारीक आवाज येतो आणि बोटांना पत्रा सुटल्याचे जाणवते. मनगट परत मूळ जागी आणा, पण दात छिद्रातून पूर्ण बाहेर काढू नका. डाव्या हाताने डबा काट्यांच्या उलट दिशेने अर्धा सेंटीमीटर फिरवा, पुन्हा मनगट वळवा. पुढचा काप मागच्या कापाच्या शेवटापासूनच सुरू झाला पाहिजे. मध्ये जागा राहिली की तिथे पत्र्याची जीभ उरते, आणि तुमच्या करवतीचे दाते म्हणजे याच जिभा. घाईत मोठे काप घेतले तर त्या जिभा तुटून बारीक किस आत पडण्याचाही धोका असतो, म्हणून मी ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: काप लहान, आणि एकाला लागून एक.

रसाचा मोठा डबा साधारण १० सेंटीमीटर व्यासाचा असतो, म्हणजे घेर ३१ सेंटीमीटरच्या पुढे. ७ मिलिमीटरचा एक काप धरला तर पंचेचाळीसच्या घरात टोचे लागतात. मी पहिल्यांदा उघडला तेव्हा मला चार मिनिटांच्या वर लागली होती. आता दीड मिनिट पुरते. शेवटचा साधारण एक सेंटीमीटर पत्रा कापू नका. तो बिजागरीसारखा राहू द्या, ओपनरचाच दात झाकणाखाली घालून झाकण उचला आणि मागे वाकवा. बोट घालून झाकण उचलणे हे कापण्याचे नेहमीचे कारण आहे, आणि तुमचेही बोट बहुधा तिथेच गेले असावे. झाकण सुटून रसात बुडाले तर ते काढण्यासाठीही चिमटा किंवा चमचा वापरावा.

आता वस्तूच्या दोषाविषयी. बाजारात या ओपनरच्या नकला पुष्कळ आहेत आणि काही खरोखरच वाईट आहेत. विकत घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. दांडा दोन्ही टोकांना धरून अंगठ्याने मधोमध दाबावा. तो वाकत असेल तर परत करावा, कारण सगळा जोर त्याच दांड्यावर येतो. आणि दात उघडून ओपनर उलटा धरावा. दात स्वतःच्या वजनाने लुळा होऊन पडत असेल तर रिव्हेट ढिले आहे. तुमचा हात मोठा असेल किंवा बोटांत संधिवात असेल तर पी-३८ च्या मागे न लागता सरळ पी-५१ घ्यावा. त्याचा दांडा साधारण एक तृतीयांशाने लांब आहे, आणि त्यामुळे हाताला जोर कमी लावावा लागतो. माझ्या आईने सत्तरीनंतर पी-३८ बाजूला ठेवला, पण पी-५१ शेवटपर्यंत वापरला.

प्रश्न (एक वाचिका, पणजी): माझी मुलगी डावखुरी आहे. तिला हा ओपनर चालेल का?

उत्तर: चालेल, आणि त्यासाठी वेगळी बनावट लागत नाही. तिने ओपनर डाव्या हातात धरावा, डबा उजव्या हाताने धरावा, दाताचे टोक स्वतःकडे ठेवावे आणि वर सांगितलेल्या दोन्ही दिशा उलट कराव्यात. चाकाचे, किल्लीसारखा दांडा फिरवण्याचे ओपनर डावखुऱ्यांना फार त्रास देतात, हे मी माझ्या भावाच्या हाती पाहिले आहे. त्या मानाने हे साधन डावखुऱ्यांशी जास्त न्यायाने वागते.

प्रश्न (एक वाचक, डिचोली): माझ्या दोन तक्रारी आहेत. एक म्हणजे खिशात असताना दात आपोआप उघडतो. माझ्या दोन पँटींचे खिसे फाटले आणि एकदा दुचाकीवर बसताना मांडीला चांगलेच टोचले. दुसरी म्हणजे एका पावसाळ्यात ओपनर गंजला. याला उपाय आहे का?

उत्तर: पहिली तक्रार रास्त आहे. या ओपनरचा खरा दोष कोणता, असे मला विचारले तर मी हाच सांगेन. गळ्यातल्या साखळीत तो सपाट पडून राहत असे. जुडग्यात मात्र सात-आठ किल्ल्या त्याला सतत घासतात, ढकलतात आणि रिव्हेट हळूहळू सैल होते. रिव्हेट घट्ट करणे सोपे आहे. दात मिटून ओपनर एखाद्या जड लोखंडी वस्तूवर, उदाहरणार्थ दुसऱ्या हातोड्याच्या तोंडावर, असा ठेवावा की रिव्हेटचे एक डोके खाली नीट टेकेल, आणि वरच्या डोक्यावर लहान हातोडीने हलका ठोका द्यावा. एकच ठोका, मग दात उघडून पाहावा, गरज वाटली तरच दुसरा. जोरात मारले तर दात अडकून बसतो आणि मग तो सोडवताना नखे तुटतात. एवढे करूनही धास्ती वाटत असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद चकती कापून ती मिटलेल्या ओपनरवर चढवावी. मी पंधरा वर्षे तेच करत आलो आहे. चकती वर्षा-दीड वर्षाने चिरते, तेव्हा नवी कापायची.

गंजाचे म्हणाल तर गोव्याच्या हवेत हे होणारच. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, त्यात खारा वारा, आणि खिशातला घाम. मूळचे ओपनर पोलादी, वर पातळ मुलामा दिलेले असत. दाताच्या धारेवरचा मुलामा वापराने आधी उडतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. आता स्टेनलेस स्टीलचेही मिळतात. नव्याने घेणार असाल तर तेच घ्या. आहे तो टिकवायचा असेल तर प्रत्येक वापरानंतर उकळत्या पाण्यात बुडवून, रिव्हेटच्या सांध्यात अडकलेला अन्नाचा कण जुन्या दात घासायच्या ब्रशने काढून, फडक्याने पुसून गॅसजवळ पाच मिनिटे ठेवावा, आणि सांध्यात खोबरेल तेलाचा एक थेंब सोडावा. यंत्राचे तेल वापरू नये, कारण तोच दात पुढे अन्नात बुडणार आहे. त्याच कारणासाठी आणखी एक सांगणे: जुडगा दिवसभर नोटा, नाणी, रुमाल आणि बसच्या दांड्या धरलेल्या हातांच्या सहवासात असतो. डबा उघडण्यापूर्वीही ओपनर धुवावा. वाचकांनी हे विचारले नव्हते, पण मला ते न सांगता राहवत नाही.

प्रश्न (एक वाचक, वास्को): विमानप्रवासात हा ओपनर हातातल्या सामानात नेता येतो का?

उत्तर: नेऊ नये. दात लहान असला तरी धारदार आहे, आणि तपासणीच्या जागी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याचा निर्णय शेवटचा असतो. दाबोळीला निघा किंवा मोप्याला, घरातून निघण्यापूर्वी तो जुडग्यातून काढून मोठ्या बॅगेत टाकावा. माझा पहिला ओपनर असाच एका विमानतळावरच्या टोपलीत गेला. तो मला बोटीवर असलेल्या माझ्या काकांनी दिलेला होता, आणि त्याची हळहळ अजून गेलेली नाही.

प्रश्न (एक वाचिका, मडगाव): आता जवळपास प्रत्येक डब्याला ओढायची कडी असते. मग हे जुने साधन जवळ बाळगण्याचे प्रयोजन काय? खुद्द अमेरिकन सैन्याने तरी ते चालू ठेवले आहे का?

उत्तर: शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. १९८० च्या दशकात अमेरिकन सैनिकांचा डब्यांचा शिधा जाऊन त्याच्या जागी मऊ पाकिटांतले जेवण आले. पाकीट हाताने फाडता येते, त्यामुळे ओपनर देण्याची गरज संपली. त्या सैन्यासाठी त्याचे काम झाले, हे खरे आहे.

तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरात मात्र डबे अजून आहेत, आणि सगळ्यांना कडी नाही. अननसाच्या चकत्या, रसगुल्ले, आमरस, मश्रूम, नारळाचे दूध यांचे पुष्कळ डबे साध्या झाकणाचे येतात. ज्यांना कडी असते त्यातल्या काहींची ती ओढता ओढता तुटून हातात येते, आणि मग झाकण जिथल्या तिथे. अशा वेळी हा ओपनर कडीच्या झाकणावरही चालतो, कारण त्याला फक्त दुमडलेला काठ लागतो. डबा उलटा करून तळाकडून उघडण्याचा प्रयत्न करण्यापूर्वी तळ पाहावा. अनेक छोट्या डब्यांचा तळ आणि अंग एकाच पत्र्याचे ओढलेले असते, कोपरा गोलसर असतो आणि खाच अडकवायला तिथे काठच नसतो.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत आपल्याकडे सुके बांगडे आणि सुके सुंगट (कोळंबी) हाच पहिला आधार असतो, हे मान्य, पण काही घरांत तारल्यांचे चपटे, चौकोनी डबेही ठेवतात. चौकोनी डबा ही या ओपनरची परीक्षा आहे. सरळ बाजू झरझर कापल्या जातात, पण कोपऱ्यावर खाच वळत नाही. तिथे काप निम्म्याने लहान घ्यावेत आणि ओपनरपेक्षा डबाच जास्त वळवावा. आत तेल असते, म्हणून ताटलीत ठेवूनच उघडावा, आणि तेलकट बोटांनी दांडा धरू नये.

आता प्रयोजन. चार वर्षांपूर्वी चतुर्थीला आम्ही सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी गेलो होतो. वर्षभर बंद असलेले घर, माणसे पंचवीस-तीस, आणि दुसऱ्या दिवशी मुलांसाठी सेरादुरा हा बिस्किटांच्या चुऱ्याचा गोड पदार्थ करायचा म्हणून कुणीतरी आटवलेल्या दुधाचे तीन डबे आणलेले. ओपनर घरात नव्हता. चुलतभावाने कोयत्याचे टोक झाकणावर टेकवले आणि वरून पाट्याचा वरवंटा मारला. कोयता सरकला, डबा कलंडला, दूध जमिनीवर आणि त्याच्या अंगठ्यात अर्धा इंच जखम. सणाच्या दिवशी, भर पावसात, टाके घालायला त्याला वाळपईला न्यावे लागले. माझा जुडगा तेव्हा गाडीत होता आणि मी विहिरीवर होतो. उरलेले दोन डबे मी उघडले, पण त्या अंगठ्याचे मला आजही वाईट वाटते. त्या दिवसापासून मूळ घरात चुलीशेजारच्या खिळ्याला एक पी-५१ दोऱ्याने टांगलेला आहे. आटवलेले दूध नुसते ओतायचे असेल तर झाकण पूर्ण कापण्याचीही गरज नसते. समोरासमोर दोन ठिकाणी तीन-तीन टोचे मारावेत, एकातून दूध येते आणि दुसऱ्यातून हवा आत जाते. उरलेले दूध मात्र डब्यात न ठेवता काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावे.

हेच दूध न उघडलेल्या डब्यात उकळून दाट, तपकिरी करण्याची रीत काही घरांत आहे. पाणी आटून डबा उघडा पडला तर तो फुटू शकतो, म्हणून मी ती सुचवत नाही. कुणी केलेच तर डबा पूर्ण गार झाल्याशिवाय त्याला ओपनर लावू नये. गरम डब्यात दाब असतो, आणि पहिल्याच टोच्याला आतले कढत दूध तोंडावर उडते.

प्रश्न (एक वाचक, काणकोण): डबा थोडा फुगलेला असेल तर ओपनरने बारीक छिद्र पाडून वाफ सोडली की चालते, असे शेजारी सांगतात. ते बरोबर आहे का?

उत्तर: अजिबात नाही. तो डबा न उघडता, पिशवीत गुंडाळून टाकून द्यावा. फुगण्याचे कारण बहुधा आत वाढलेल्या जिवाणूंनी तयार केलेला वायू असतो. त्यातल्या क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे विष अत्यंत घातक आहे, आणि चव किंवा वास यांवरून ते ओळखता येईल यावर विसंबता येत नाही. आंबट फळांच्या डब्यांत आम्लाची पत्र्याशी क्रिया होऊन हायड्रोजन साठल्यानेही डबा फुगतो, पण बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तेव्हा चाखून पाहण्याचा मोह कुणीही करू नये. काठाच्या दुमडीवर पोचा आलेला डबाही मी घेत नाही.

हा ओपनर या बाबतीत एक उपयोगी खूण देतो. चांगल्या डब्यात बहुधा थोडी निर्वात जागा असते, म्हणून पहिला टोचा पडताच हवा आत ओढली जाते आणि ‘सुस्स’ असा बारीक आवाज येतो, कधी झाकणही किंचित सैल होते. उलट पहिल्याच टोच्याला आतून रस किंवा फेस जोराने बाहेर उडाला, तर तिथेच थांबावे आणि डबा टाकून द्यावा. चाकाच्या ओपनरच्या खरखरीत ही खूण हरवते. इथे पहिला टोचा आपण सावकाश, कान देऊन मारतो.

प्रश्न (एक वाचक, पेडणे): माझे वडील तरुणपणी मुंबईच्या गोदीत कामाला होते. त्यांच्या पेटीत असा एक ओपनर सापडला. त्यावर ‘यू. एस.’ आणि ‘शेल्बी’ अशी अक्षरे उमटवलेली आहेत, दात गंजून घट्ट बसला आहे. तो साफ करून वापरावा का?

उत्तर: अक्षरांवरून तो अमेरिकन लष्करासाठी बनवलेल्या ओपनरांपैकी असावा. शेल्बी हे ते बनवणाऱ्या कारखान्यांपैकी एकाचे नाव. दात पकडीने ओढून उघडू नका, रिव्हेट तुटेल. ओपनर दोन दिवस खोबरेल तेलात बुडवून ठेवा, मग दात नखाने थोडाथोडा हलवत सोडवा. वरचा गंज कोरड्या नारळाच्या काथ्याने घासून काढा. लोखंडी घासणीने अक्षरेही झिजतील, ती वापरू नका. त्यानंतर उजेडात धरून पाहा. दाताच्या दोन्ही अंगांना खड्डे पडलेले आणि मुलामा उडालेला असेल, तर तो अन्नाच्या डब्याला लावू नका. पुसून, तेलाचा हात देऊन, वडिलांच्या पेटीत कोरड्या फडक्यात ठेवा, आणि जुडग्यासाठी स्टेनलेसचा नवा घ्या. दात मात्र स्वच्छ निघाला आणि धार अभंग असेल, तर उकळत्या पाण्यातून काढून एक डबा त्याने जरूर उघडा. काप नीट पडत असेल तर तो वापरायला माझी काहीच हरकत नाही.